पिंपांच्या पलीकडचं वायफाय

कॉलेजात एकदा प्रोजेक्टर लागत नव्हता. मी उठलो, निसटलेली वायर घट्ट खोचली आणि पडदा उजळला. तेवढ्या भांडवलावर मी 'कॉम्प्युटरमधलं कळणारे सर' म्हणून कैक वर्षं मिरवलो. शिकवतो इतिहास.

त्यामुळे घरातलं वायफाय रडायला लागलं, तेव्हा मी कुणालाही बोलावलं नाही. एरवी त्यानं माझं काही अडत नव्हतं. या खेपेला अडत होतं ते बायकोचं.

ती उमरग्याकडची. माहेरी घरात कन्नड, अंगणात मराठी. लग्नाआधी शाळेत शिकवायची. माझ्यापायी धाराशिवला आली आणि ते सुटलं ते सुटलंच. आता एका ऑनलाइन शिकवणाऱ्या संस्थेनं तिला विचारलं होतं. बदली होऊन इकडं येणाऱ्या कन्नड माणसांना बोलण्यापुरतं मराठी शिकवायचं. आधी एक नमुन्याचा तास. विद्यार्थिनी खरी, आणि संस्थेच्या बाई गुपचूप बघत बसणार. चित्र अडकलं किंवा आवाज तुटला तर विषय संपला, हे त्यांनी आधीच सांगून टाकलं होतं.

"अहो, एखाद्या माणसाला दाखवा की," ती म्हणाली.

"मी काय जनावर आहे का?" मी म्हणालो आणि कामाला लागलो.

लॅपटॉप बंद केला, चालू केला. राउटर बंद केला, चालू केला. मग लॅपटॉपमधल्या नको त्या वस्तू काढून टाकायला बसलो आणि त्या भरात तिनं तयार केलेला पहिला धडाही काढून टाकला. तो तिनं पुन्हा लिहिला. त्या दिवशी भाजीत मीठ नव्हतं आणि मी ते मागितलं नाही.

मग माझ्या ध्यानात आलं की नेट कुणीतरी चोरतंय. शेजारच्या काकांना पासवर्ड मीच दिला होता. मी तो बदलला आणि बदलल्याचं त्यांना गच्चीवरून ऐकू जाईल अशा आवाजात बायकोला सांगितलं. काका खाली तुळशीला पाणी घालत होते. मान वर न करता म्हणाले, "सर, तुमच्या नेटवर माझ्या नातवाचं गाणं बी लागंना. चोरायला काय ठिवलंय तिथं?"

आमचा राउटर स्वयंपाकघरामागच्या अरुंद बोळात, पार टोकाला, खिडकीखालच्या कट्ट्यावर बसवलेला आहे. जागा माझीच निवड. केबल त्या खिडकीतून आली आणि उरलेली केबल लोंबकळते म्हणून मी ती कापून घेतली, त्यामुळे राउटर आता तिथून हलायचा प्रश्नच नाही. त्याच बोळात आमची पाण्याची पिंपं. आमच्या भागात नळाची पाळी असते. पाणी कधी येईल ते नळाला ठाऊक, पण आलं की माणूस हातातला घास खाली ठेवून उठतो. पिंपं, त्यांच्यावर कळश्या, कळश्यांवर तांबे, असं सगळं गळ्यापर्यंत भरायचं, ही इथली रीत. पाहुण्यांना सोफा दाखवायच्या आधी आम्ही भरलेलं पाणी दाखवतो.

मी एक दिवस राउटरच्या मागे भाकरी गुंडाळायचा चकचकीत कागद लावला. आणि काय सांगू, नेट सुधारलं. रोज थोडं थोडं वाढतच गेलं. नमुन्याच्या तासाच्या आदल्या दिवशी तर बायको आतल्या खोलीतून माहेरी व्हिडिओवर बोलली आणि तिच्या आईच्या कपाळावरची टिकलीसुद्धा स्पष्ट दिसली. मी गच्चीवर जाऊन काकांना कागदाचं शास्त्र समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं.

तासाच्या दिवशी सकाळी पाणी आलं. बायकोची तयारी चाललेली, तेव्हा पाणी मी भरणार, असं मी मोठ्या मनानं जाहीर केलं. भरलं तेही असं की पातेली, बादल्या, कुकरसुद्धा सुटला नाही. काकांकडून एक जादा पिंप आणून तेही काठोकाठ केलं. घाम पुसत आत आलो तर बायको लॅपटॉपसमोर बसलेली आणि पडद्यावर ते गोल चक्र फिरत होतं.

"गेलं," ती म्हणाली.

मी राउटर बंद केला, चालू केला. कागद बदलला. चक्र फिरतच होतं. तासाला थोडाच वेळ उरला होता. तिनं इस्त्रीची साडी नेसली होती आणि हात मांडीवर घट्ट धरून ठेवले होते.

"अहो, मागच्या पाळीला बी असंच झालं होतं," ती हळू म्हणाली. "पाणी भरलं की जातंय आणि पिंपं रिकामी होत आली की येतंय. काल पिंपात तळाला होतं."

"पाण्याचा आणि नेटचा काय संबंध?" मी म्हणालो. तरी लॅपटॉप उचलला, पिंपांच्या फटीतून आडवा होऊन बोळाच्या टोकाला गेलो आणि राउटरजवळ बसलो. चक्र गायब. चित्र धो धो वाहायला लागलं. उठून पिंपांच्या अलीकडं आलो, तर पुन्हा चक्र. भरलेल्या पाण्याची भिंत मीच बांधली होती, आणि सकाळी तिच्यावर जादा पिंपाचा मजलाही चढवला होता.

"ओतून देऊ?" मी विचारलं.

तिनं माझ्याकडं असं बघितलं की तो शब्द मी गिळला. आलेलं पाणी ओतून देणारा माणूस या गावात तोंड दाखवू शकत नाही. तिनं पदर खोचला, पाट उचलला आणि फटीतून आत शिरली. पिंपांना पाठ टेकून पाटावर बसली. पण लॅपटॉप ठेवायला जागा नव्हती. मी लॅपटॉप घेऊन तिच्या आधीच पुन्हा आत जाऊन खिडकीखाली, भिंतीला टेकून बसलो होतो.

"मांडी घाला," ती म्हणाली. "आणि हलू नका."

अशा रीतीनं इतिहासाचा प्राध्यापक मेज झाला. पडदा तिच्याकडं, झाकणाची पाठ माझ्याकडं. मला फक्त तिचा चेहरा दिसत होता.

पलीकडून एका बाईचा आवाज आला. बँकेत नोकरी, बदली लातूरला. बायकोनं ठरवल्याप्रमाणे 'माझं नाव' पासून सुरुवात केली. बाई चाचरत होत्या. मग त्या एकदम थांबल्या आणि त्यांनी कन्नडमध्ये विचारलं, मागं चकाकतंय ते काय आहे? मी डोळे मिटले. आता संस्थेच्या बाई काय म्हणणार.

बायको वळली, कळशीवर टिचकी मारली आणि म्हणाली, "नीरु. पाणी. पाणी आलं. पाणी भरलं."

पलीकडं हसू फुटलं. आणि मग त्या बाई बोलायलाच लागल्या, अर्धं कन्नड, अर्धं मोडकंतोडकं मराठी. नव्या इमारतीत पाणी येतं तेव्हा सगळ्या बाया जिन्यात एकमेकींना हाका मारतात. त्यातलं आपल्याला काही कळत नाही. आपण दार उघडतो तोवर पाणी गेलेलं असतं. विचारायचं कसं, म्हणून आपण विचारतच नाही.

"आता विचारा," बायको म्हणाली. "पाणी आलं का वहिनी?"

"पाणी आलं का वहिनी," पलीकडून आलं. मग पुन्हा, जरा मोठ्यानं.

तिचा लिहिलेला धडा बाजूलाच राहिला. ती घागर, बादली, जिना, शेजारीण, असं शिकवत गेली. चुकलं की थांबवत नव्हती, तेच वाक्य बरोबर करून सहज परत म्हणायची आणि बाई ते उचलायच्या. माझ्या पायांना मुंग्या आल्या होत्या, नाकावर माशी बसली होती, पण मी हललो नाही. इतक्या वर्षांत मी तिला शिकवताना कधी बघितलंच नव्हतं. मी वर्गात तास तास बोलतो आणि मुलं खिडकीबाहेर बघतात. इथं एक बाई आपणहून प्रश्न विचारत होती.

शेवटी तिसरा आवाज आला. संस्थेच्या बाई म्हणाल्या, "सोमवारपासून घेता येतील का तास? यांनी तुम्हालाच मागितलंय."

"येतील," ती म्हणाली. तिनं लॅपटॉप मिटला, पण उठली नाही. पिंपाला डोकं टेकवून बसून राहिली. हसू दाबायला तिनं ओठ मिटले होते आणि ते तिला जमत नव्हतं.

"सोमवारी मी रजा टाकू का?" मी विचारलं. "मांडी माझी सरावलीय आता."

"काही नको," ती म्हणाली. "बाजारातनं एक ठेंगणं स्टूल आणा."