सासऱ्याच्या पुढची खुर्ची

माघातलं धुकं शिवनेरीवरनं उतरून थेट जुन्नरच्या गल्लीबोळांत शिरलं होतं. म्हाळसाबाईनं मेंढरांचा वाडा झाडला, लेंड्यांचं घमेलं खताच्या ढिगावर उलथलं, हातपाय धुतले आणि ठेवणीतलं लुगडं नेसली. आज नगरपालिकेत तिची पहिली सभा होती.

बायकांना जागा राखायचा कायदा आला, चिठ्ठीत तिचा वॉर्ड निघाला आणि मेंढरांमागं हिंडलेली बाई मेंबर झाली. तिला पाहिजे होता एक नळ. वस्तीतल्या बाया उन्हाळाभर नदीतल्या झऱ्यावर हंडा घेऊन ताटकळत. आज विषय मंजूर झाला, तरच पाडव्याआधी पाइप पडणार होता.

सभागृहाच्या भिंतीवर जुन्या अध्यक्षांचे फोटो होते. पगड्या, फेटे, टोप्या. पदर एकही नाही. ती खुर्ची ओढणार, तोच समोर चुलतसासरे दिसले. चिमाजीआबा, पालिकेतले जुने मेंबर. तिनं पदर खाली ओढला आणि भिंतीकडेला सतरंजीवर बसली. सासऱ्यासमोर खुर्चीवर बसायची, तोंड उघडायची रीत त्यांच्यात नव्हती.

"बाई, विषय तुमचा. बोला," अध्यक्ष म्हणाले.

तिनं पदर आणखी पुढं ओढून मान खाली घातली.

"मेंढरं असती तर हाळी दिली असती," कुणीतरी चिमटा काढला. सभागृह हसलं.

"मग ठेवू पुढच्या सभेला," अध्यक्षांनी कागद मिटला.

तेव्हा चिमाजीआबा उठले. आपली खुर्ची उचलून त्यांनी पार मागच्या भिंतीला नेऊन लावली.

"म्हाळसे, खुर्चीव बस. आता मी तुला दिसत न्हाई. बोल."

"आबा, निधी एकाच कामापुरता हाय," मागच्या रांगेतला मेंबर कुजबुजला. "तिचा नळ झाला तर तुमच्या वॉर्डातली गटार ऱ्हाती राव."

"ऱ्हाऊ दे. गटारीला काय तहान लागत न्हाई."

म्हाळसाबाई खुर्चीच्या कडेवर टेकली. आधी चाचरली. मग झऱ्यावरची भांडणं, दिवस भरलेल्या पोरीच्या कमरेवरचा हंडा, सगळं बोलून मोकळी झाली. हात वर झाले. नळ मंजूर झाला.

संध्याकाळी ती आबांच्या दारात जाऊन उभी राहिली. लग्न झाल्यापासून त्यांना काही सांगायचं तर चुलतसासू साळुबाईच्या तोंडून सांगत आली होती. आज साळुबाई आत होती, तरी म्हाळसाबाईनं तिला हाक मारली नाही.

"आबा, तुमी मागं सरला म्हणून मला बोलता आलं. लई उपकार झालं."

आबांनी तंबाखू मळता मळता मान वळवली. "उपकार ऱ्हाऊ दे. गटारीचं आता तूच मांड. पुढंच बसून."

"मांडते, आबा."

घरी आली तर पोरं भुकेजलेली. तिनं चूल पेटवली, परातीत पीठ घेतलं आणि भाकरी थापायला बसली.