शेळगावच्या विहिरीतला आंधळा वाणी

दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या तीन-चार वर्षं आधीची गोष्ट. मी बारामतीच्या शाळेत शास्त्र शिकवायचो. डोकं तापट, आणि नाद किडे गोळा करायचा. घरमालकीणबाई म्हणायच्या, "मास्तरांना मुलगी कोण देणार? खोलीत झुरळं पाळलीत!" पाळली नव्हती हो, स्पिरिटात बुडवून ठेवली होती. पण हे त्यांना सांगतो कोण!

एका बाजारच्या दिवशी शेळगावचे तात्या तांब्या घेऊन दारात उभे. वांगी-मिरची विकायला ते नेमानं येत, माझा नाद त्यांना ठाऊक होता. त्यांच्या नव्या विहिरीत सुरुंग लावला तेव्हा खडकाआड माणूस रांगत जाईल एवढी गुहा निघाली होती.

"मास्तर, अजबच हाय. आत वाणी हायती, पन डोळं न्हाईत त्यास्नी. दोन आनल्यात."

तांब्याच्या तोंडावरचं फडकं काढलं आणि मी चाटच पडलो. शेकडो पायांचा वाणी किडा आपल्याकडं कुणाला नवा नाही. पावसाळ्यात भिंतीवर चढतो, काडी लावली की वेटोळं करून पडतो. पण हे बोटाच्या पेराएवढे, लांब पायांचे, डोळ्यांची जागा अगदी कोरी. आणि रंग पिवळाधमक, पाठीवर तांबडे ठिपके! असा प्राणी माझ्या एकाही पुस्तकात नव्हता.

खरं तर आधी शेळगावला जाऊन ती गुहा बघायला हवी होती. पण त्या उन्हात बैलगाडीत हाडं खिळखिळी कोण करून घेणार? भिंग घेऊन खोलीतच बसलो. पाय मोजताना तीनदा चुकलो, तीनदा स्वतःला शिव्या घातल्या. इंग्रजीत चार पानं वर्णन लिहिलं. 'हळदीसारखा पिवळा' हे शब्द लिहिताना काय ऐट होती म्हणून सांगू! जगात कुणी न लिहिलेला जीव मी लिहीत होतो. मग दोघांना स्पिरिटाच्या बाटलीत घातलं आणि मुंबईच्या एका जाणकार साहेबांकडं पाठवून दिलं.

तीन आठवड्यांनी उत्तर आलं. प्राणी नवा दिसतो, पण दोन्ही माद्या आहेत. जात ठरते ती नराच्या काही पायांच्या घडणीवरून. नर पाठवा, त्याशिवाय नाव देता येणार नाही. शिवाय स्पिरिट पिवळं झालं असून प्राणी पांढराफटक निघाला आहे. आपण हळद लावली होती काय?

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. रविवारी तडक शेळगाव गाठलं. तात्या गोठ्यापाशी होते, त्यांच्या मंडळी, म्हणजे काकी, ओसरीवर भाजी निवडत होत्या.

"काकी, वाण्यांना हळद कुणी लावली? मुंबईचे साहेब विचारतायत!"

"मी लावली. कुक्कू बी लावलं. भुईच्या पोटातनं पयल्यांदाच भायेर आल्या, बारामतीला निघाल्या. सवाशिनीला कोरड्या कपाळानं धाडू व्हय?"

"पण त्या सवाष्णी, हे कशावरून?"

"न्हवत्या? सायब काय म्हनला?"

दोन्ही माद्याच निघाल्या, हे मलाच सांगावं लागलं. काकी पदर तोंडाला लावून अशा हसल्या की माझा राग कुठल्या कुठं पळाला.

"तात्या, कंदील द्या," मी म्हणालो. "आणखी एक वाणी धरून आणतो."

तात्या मला विहिरीवर घेऊन गेले. काकीही मागोमाग आल्या. विहिरीला झरा लागला होता. गुहेच्या तोंडावर पुरुषभर पाणी होतं.

"आनखी येक पायजेच का?" तात्यांनी विचारलं. "उद्या मोट धरतो. तीन दिसांत कपार उघडी पडंल. झरा बारीक हाय, साठल्यालं पानी जाईल वढ्याला. जाऊंद्या, मास्तरांचं काम हाय."

दोन उन्हाळे काकींनी अर्ध्या कोसावरून घागरी वाहून वांग्याची रोपं जगवली होती. त्या पाण्याकडं बघत होत्या, माझ्याकडं नाही.

खोटं कशाला बोलू, 'धरा मोट' हे शब्द माझ्या ओठांवर आले होते. आयुष्यात असं काही पुन्हा हाती लागणार नाही, हे मला तिथंच कळत होतं.

"छे हो, तात्या," मी म्हणालो. "हौस म्हणून मागितला. जात तर ठरलीसुद्धा."

"ठरली?" काकींनी मान वर केली. "मग नाव काय ठिवलं?"

"तुमचंच ठेवलं."

"अगं बया!" म्हणाल्या, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. पुढं कितीतरी वर्षं येणाऱ्या-जाणाऱ्याला त्या ते सांगायच्या, आणि मी शेजारी बसून मान डोलवायचो.