सोनपेठच्या बाजारात शिरलेला कंटेनर

"साहेब, माझा कंटेनर सोनपेठच्या बाजारात फिरायलाय! आत्ता, ह्या घडीला!"

हे ओरडत ठाण्यात शिरलेले गृहस्थ एका जिनिंग कारखान्याचे मालक होते. एका हातात मोबाईल, दुसऱ्या हातात अंगठा तुटलेली चप्पल. आवाज असा, की ठाणे अंमलदाराचं पेन स्टेशन डायरीवर आडवं झालं आणि कोठडीतला जुगारी आपलं सामान गोळा करू लागला. त्याला वाटलं, आपल्याच सुटकेसाठी कुणी मोठा माणूस आला आहे.

मी त्या ठाण्याचा प्रमुख होतो आणि माझ्या निवृत्तीला दीड वर्ष उरलं होतं, तेव्हाची ही गोष्ट. नोकरीतले बरेच गुन्हे आता एकमेकांत मिसळून गेले, पण ती दुपार अजून जशीच्या तशी डोळ्यांपुढे आहे. तपासाच्या बाबतीत मला कुणी हलकं समजू नये. शंभर म्हशींतून चोरीची म्हैस मी नुसत्या हंबरण्यावरून ओळखलेली आहे. ती म्हैस आधी मालकाला पाहून हंबरली होती, एवढं फक्त मी कोर्टात सांगितलं नाही. पण चाळीस फुटी कंटेनर आठवडी बाजारात हरवल्याची तक्रार माझ्याकडेही पहिल्यांदाच आली होती.

मालकांना पाणी दिलं, बसवलं आणि हकीगत काढून घेतली. कंटेनरमध्ये रुईच्या गाठी होत्या आणि त्या जहाजाने परदेशी जायच्या होत्या. दुसऱ्या दिवशी दुपारी चारच्या आत कंटेनर बंदराच्या फाटकातून आत गेला पाहिजे. चारनंतर त्या जहाजाचा माल घेत नाहीत. गाडी कुठे आहे हे क्षणोक्षणी कळावं म्हणून मालकांनी प्रत्येक ड्रायव्हरला वेगळा मोबाईल दिला होता. त्या मोबाईलचा ठिपका यांच्या मोबाईलमधल्या नकाशावर सरकत असे. आज सकाळी नऊपर्यंत ठिपका देवगाव फाट्यावर होता. तिथून तो जालन्याकडे, म्हणजे बंदराच्या वाटेला लागायचा, तर उलटा सेलूकडे वळला, पाथरीला गेला आणि आता सोनपेठला पोचला होता. ड्रायव्हर स्वतःचा फोन उचलत नव्हता.

"बारा वर्षं माझ्याकडं गाडीवर हाय हा माणूस," मालक म्हणाले. "गाठी उतरून इकायलाय, साहेब. चोरीचा गुन्हा घ्या."

मी तातडीने सोनपेठ ठाण्याला कळवलं आणि वाटेत नाकाबंदी लावली. नाकाबंदीत उसाचे सात ट्रॅक्टर, एक नवरदेव आणि आमच्याच खात्याचे एक रजेवरचे जमादार अडकले. कंटेनर नाही. सोनपेठहून उत्तर आलं की बाजारात चाळीस फूट सोडा, चार फुटांची हातगाडी वळत नाही. कंटेनर शिरला असता तर निम्मा बाजार त्याच्याखाली आणि निम्मा टपावर दिसला असता.

मग मी मालकांचा मोबाईल घेऊन ठिपक्याचा सकाळपासूनचा मार्ग तपासला. पाथरीला वीस मिनिटं मुक्काम. बाकी प्रत्येक फाट्यावर मिनिट-दोन मिनिटं. एका ठिकाणी तर फाटाही नव्हता, नुसतं चिंचेचं झाड होतं, तिथेही थांबा. माल चोरून पळणारा माणूस असा रमतगमत जात नाही. हात दाखवेल त्याच्यासाठी थांबणारी गाडी आपल्याकडे एकच आहे.

"एसटी," मी म्हणालो. आमचे हवालदार हे माझ्याआधी अर्धं मिनिट म्हणाले होते, पण त्यांच्या आवाजात खात्री नव्हती. खात्री माझी.

सोनपेठच्या स्टँडवर जादा गाडीचा कंडक्टर भजी खाताना सापडला. तिथल्या शिपायाने त्याला फोनवर माझ्यापुढे उभं केलं. मी माझ्या खास आवाजात विचारलं. या आवाजाने एकेकाळी ठाण्याच्या पत्र्याचे खिळे सैल होत.

"मास्तर, बॅगेत काय आहे?"

"तिकिटाची मशीन, डबा अन् एक मोबाईल," तो म्हणाला. "मोबाईल माझा न्हाई. कंटेनरवाल्या मामानं दिला."

"कुठे पोचवायला?"

"रोज तर जालन्याला, स्टँडवरच्या क्यान्टीनमधी देतो."

"मग सोनपेठला का आणला?"

"आज माझी डूटी बाजाराच्या जादा गाडीवर लागली ना साहेब. मामानं पाटी बघितली न्हाई, मी बी इच्यारलं न्हाई. वाटलं, आज सोनपेठचं काम असंल."

वाचकांपैकी जे आमच्या भागातले नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. दुसऱ्या गावी काही पाठवायचं असलं की आमच्याकडे ते एसटीच्या कंडक्टरच्या हातात देतात. डबा, औषध, विसरलेला चष्मा, लग्नपत्रिका. एकदा तर एका आजीबाईंनी कवळी पाठवली होती. देणारा कंडक्टरचं तोंड बघतो, गाडीची पाटी बघत नाही. रोज जालन्याला जाणारा मास्तर आज परभणीच्या अंगाला तोंड करून उभा आहे, हे बघायला ड्रायव्हरला सुचलं नव्हतं. कंडक्टरने जबाब देता देता भजी संपवली, म्हणजे माणूस खरं बोलत होता. खोटं बोलणाऱ्याला भजी गिळत नाही, हे माझं जुनं निरीक्षण आहे.

मोबाईल परतीच्या गाडीने देवगाव फाट्यावर धाडायला सांगितला आणि आम्ही जीप काढली. मालक मागे बसले. गुन्हा घ्या, गुन्हा घ्या, हे त्यांचं चालूच होतं.

देवगाव फाट्यावर एका धाब्यामागे लिंबाच्या सावलीत कंटेनर शांत उभा होता. मी सील हाताने तपासलं, नंबर कागदाशी ताडून पाहिला. शाबूत. ड्रायव्हर गाडीच्या आरशात बघून दाढी करत होता. पन्नाशी उलटलेला, मजबूत हाडाचा माणूस. एका गालावर साबण, दुसरा गाल मोकळा. स्वतःचा फोन त्याने केबिनमध्ये चार्जिंगला लावला होता आणि तो तिथे मालकांच्या नावाने थरथरत होता.

"मामा, मालकांनी दिलेला मोबाईल कुठे आहे?" मी विचारलं.

त्याने मनगटावरचं घड्याळ पाहिलं. "जालन्याला पोचला असंल."

"मोबाईल जालन्याला, आणि तुम्ही इथे?"

"मी मागून निघतो की, साहेब."

मोबाईल सोनपेठला आहे आणि मालक जीपमध्ये आहेत, हे सांगितल्यावर त्याचा वस्तरा गालावरच थांबला. मालक खाली उतरले आणि चोर, बेइमान असं बरंच काही बोलले. ड्रायव्हरने ते सगळं उभ्याने ऐकून घेतलं. मग माझ्याकडे वळून हळूच विचारलं, "गुन्हा लागला का, साहेब? एकदा चोरीत नाव आलं की कोन इस्टेरिंग देतंय?"

त्याचं म्हणणं खरं होतं. या धंद्यात लायसन्स सरकार देतं, पण गाडी चांगल्या नावावर मिळते. चोरीचा गुन्हा एकदा लागला, मग पुढे कोर्टातून सुटला तरी पन्नाशीच्या माणसाला परत कुणी केबिनमध्ये चढू देत नाही. मी त्याला खाटेवर बसवून आधी दाढी पुरी करायला लावली. अर्धी दाढी केलेल्या माणसाचा जबाब नीट येत नाही.

मग त्याने सांगितलं ते असं. कारखान्याचं ऑफिस सगळ्यांना एकच सांगायचं, निघा. तिकडे बंदराच्या फाटकावर रांग किती, आत क्रेन चालू आहे की बंद, हे ड्रायव्हरला कुणी कळवत नसे. मागच्या खेपेला हा सांगितल्या वेळेला निघाला आणि दोन दिवस रांगेत उभा राहिला. आंघोळ नाही, प्यायचं पाणी विकत, झोप स्टेअरिंगवर. बरं, वाटेत सावली बघून थांबावं, तर ठिपका तासभर हलला नाही की नावापुढे लाल खूण. तीन लाल खुणा झाल्या की गाडीवरून खाली. याच्या दोन झाल्या होत्या. म्हणून मोबाईल एसटीने पुढे जायचा, जालन्याच्या कॅन्टीनमध्ये थांबायचा आणि रांग हलल्याची खबर आली की हा मागून जाऊन तो उचलायचा.

"एकटा मीच न्हाई," तो म्हणाला. "इथनं समदेच पाठवतेत."

"रांग हलली हे तुम्हाला इथे बसून कळतं कसं?"

त्याने धाब्याच्या मागच्या भिंतीकडे बोट केलं. तिथे पत्र्याचा काळा रंगवलेला तुकडा टांगला होता. त्यावर खडूने लिहिलं होतं: सकाळी दहा, रांग पुलामागे, क्रेन बंद, निघू नका. खाली दुपारी बाराची ओळ: तसंच.

ही खबर देणारी होती पेडगावची एक मावशी. तिचा मुलगा बंदरावर कामाला लागला, त्याच्यामागे ती गेली आणि फाटकाबाहेर रांगेतल्या गाड्यांना चहा-भाकरी विकू लागली. रांगेत आपल्या भागातली पोरं उपाशी-तापाशी उभी राहतात हे बघून ती दर दोन तासांनी धाब्यावर फोन करायची, आणि धाबेवाला ते पत्र्यावर लिहायचा.

मालक हसले. त्यांनी आपल्या बंदरावरच्या एजंटला फोन लावला. एजंट म्हणाला, सगळं सुरळीत आहे, गाडी पाठवा. मालकांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, की आता काय म्हणता?

मी धाबेवाल्याकडून मावशीला फोन लावून घेतला आणि आवाज मोठा केला.

"कोन बोलायलंय?"

"पोलीस ठाण्यातून बोलतोय, मावशी."

"मंग बोला लवकर, भाकर तव्यावर हाय."

"फाटकावर काय परिस्थिती आहे?"

"हाय तशीच. क्रेन बसलीय सकाळधरनं. मिस्त्री आत गेलाय, पान्हे घिऊन. ऑफिसातला कोनी बाहीर आलेला न्हाई, मग त्येला काय दिसनार? अन् तुमच्याकडल्या जिनिंगचा एक पांढऱ्या केबिनचा कंटेनर हाय की हितं, कालपासनं. ड्रायव्हरचं पोट बिघडलंय. त्येला दहीभात दिलाय."

पांढऱ्या केबिनचा कंटेनर म्हणजे याच मालकांचा, आदल्या दिवशी हुकमाप्रमाणे निघालेला. त्याचा ठिपका बंदराला टेकला, म्हणून मालकांच्या हिशेबी तो पोचला होता. मालक खाटेच्या दुसऱ्या टोकाला बसले. मी त्यांना कायदा समजावून सांगितला. गुन्हा दाखल केला, तर कंटेनर जप्त होईल. जप्त मुद्देमाल ठाण्याच्या आवारात उभा राहतो आणि कोर्टाचा हुकूम होईपर्यंत हलत नाही. आमच्या आवारात एक जीप अशी उभी आहे की तिच्या बॉनेटमधून पिंपळ उगवून त्याला पारंब्या फुटायची वेळ आली आहे. पिंपळाला पारंब्या फुटत नाहीत हे मला ठाऊक आहे, पण मालक त्या वेळी शहानिशा करण्याच्या मनःस्थितीत नव्हते.

"मग करू काय?" त्यांनी विचारलं.

"बसा. मावशी सांगेल तेव्हा गाडी सोडा."

आम्ही बसलो. आयुष्यात इतके छापे घातले, पण इतका अवघड तपास मी केला नाही. चार माणसं एका पत्र्याकडे बघत बसलेली. दोन वाजता ओळ आली: तसंच. मालक तीनदा उठले आणि तीनदा बसले. ड्रायव्हरने टायर ठोकून पाहिले, काच पुसली, परत टायर ठोकले. चारच्या सुमारास परतीची एसटी आली आणि कंडक्टरने खिडकीतून मोबाईल माझ्या हातात दिला. ठिपका घरी आला. पाचला दहा कमी असताना धाब्याचा फोन वाजला.

"हलली. सोडा," मावशी म्हणाली, आणि फोन ठेवला.

ड्रायव्हर केबिनमध्ये चढला, पण गाडी सुरू करेना. तो मालकांकडे बघत होता. मालकांनी मोबाईल माझ्याकडून घेतला, खालून वर त्याच्या हातात दिला आणि नुसतं म्हणाले, "जपून जा."

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला दहा मिनिटं कमी असताना कंटेनर फाटकातून आत गेला. पांढऱ्या केबिनचा, एक दिवस आधी निघालेला, त्याच्या फक्त वीस मिनिटं अगोदर आत गेला होता. मालकांनी ठाण्यात येऊन तक्रार नसल्याचं लिहून दिलं, या वेळी दोन्ही चपला पायात घालून. स्टेशन डायरीत मी नोंद केली की सदर वाहन सीलसह मिळून आले, आणि बंदरावरील परिस्थितीची खात्री गोपनीय बातमीदारामार्फत करण्यात आली. बातमीदाराचं नाव उघड करायचं नसतं, त्यामुळे भाकरीचा उल्लेख टाळला.

मालकांनी लाल खुणा बंद केल्या. मावशीची खबर आता त्यांचं ऑफिसच घेतं आणि ती प्रत्येक ड्रायव्हरच्या मोबाईलवर जाते. कुठे थांबायचं, कधी निघायचं, ते ड्रायव्हर ठरवतो. ही कल्पना माझीच, असं मी दोन सत्कारांत सांगितलं आहे आणि तिसऱ्यातही सांगणार आहे.

पण एक गोष्ट मी सत्कारात सांगत नाही. सगळी नोकरी मी माणसांना एकच विचारत आलो, तू त्या वेळी कुठे होतास. त्या प्रश्नावर पोरं खोटं बोलली, म्हातारे खोटं बोलले. तिथे का थांबला होतास, हे मी फार कमी वेळा विचारलं. विचारलं असतं तर काही गुन्हे दाखलच झाले नसते, ही जाणीव मला लिंबाखालच्या त्या खाटेवर झाली, आणि ती सुखाची नव्हती.

निवृत्तीनंतर मावशी एका लग्नाला पेडगावला आल्याचं कळलं, म्हणून मुद्दाम भेटायला गेलो. ती ओसरीत लसूण सोलत बसली होती. मी सगळी हकीगत रंगवून सांगितली, एजंटाचीही फजिती सांगितली. मग विचारलं, एवढ्या मोठ्या बंदराची खबर ऑफिसला कळायच्या आधी तुम्हाला कशी कळायची?

मावशीने हातातली पाकळी परातीत टाकली.

"रांगेतल्या मानसाला इच्यारत व्हते," ती म्हणाली.