अहवालातला पूल

अक्षर वेडंवाकडं आहे, चुकाही असतील. वाचणारं कुणी नसलं तरी माफी मागते. शाळा चौथीपर्यंतच झाली, कारण पाचवीचा वर्ग ओढ्यापलीकडे होता.

सकाळी आमदारांचा कामांचा अहवाल घरी आला. त्यात आमच्या ओढ्यावरचा पूल 'पूर्ण' आहे. फोटोत आमदार नारळ फोडताहेत, मागे आरतीचं ताट धरून मी. नारळ फुटला म्हणजे काम सुरू झालं, असं तेव्हा वाटलं होतं. नंतर तिथे एक दगडही पडला नाही.

पावसाळा महिन्यावर आलाय. लेक यंदा चौथी पास झाली. म्हणाली, "आई, फोटोत तूच आहेस ना? मग तूच बोल."

अहवाल वाटणारे कार्यकर्ते संध्याकाळी पारावर बसले होते. मी ते पान त्यांच्यासमोर धरलं आणि म्हणाले, "भाऊ, या पुलावरून मला पलीकडे नेता का?"