अन्वरच्या गाडीचं इंजिन

मी ईएमईत, म्हणजे लष्कराच्या गाड्या-यंत्रं दुरुस्त करणाऱ्या शाखेत, हवालदार होतो. पोस्टिंग जम्मूच्या वरच्या डोंगरात, रिकव्हरी डिटॅचमेंटवर. काम एकच, रस्त्यात अडकलेली लष्करी गाडी ओढून काढायची. पाचला उठणं, सहाला गाडी ओढायचं विंच आणि वायर रोप, म्हणजे पोलादी दोर, तपासणं, मग वायरलेसशेजारी बसून राहणं. आम्ही सहा जण होतो. त्यात वऱ्हाडातले दोघं. मी अमरावतीचा, लान्स नायक अन्वर बाळापूरचा. त्याचं वय सत्तावीस.

अन्वर सुटीवर गेला की घरी एक मोटारसायकल बांधायचा. फ्रेम लिलावातली, पुढचे फोर्क दुसऱ्याच गाडीचे, टाकी त्यानं स्वतः पत्रा ठोकून केलेली. इंजिन मात्र जुनं, पाचशे सीसीचं, एका सिलिंडरचं, वडिलांच्या जन्माआधीचं. ते त्या फ्रेममध्ये बसत नव्हतं. त्यासाठी जाड लोखंडी प्लेटा लागणार होत्या. साहेबांना विचारून त्यानं भंगारातल्या लोखंडातून त्या कापल्या आणि ड्युटी संपली की वर्कशॉपात कानशीनं घासत बसायचा.

"अशा इंजिनाची किक उलटी मारते म्हणतात," मी एकदा म्हणालो.

"मारते ना उस्ताद. जमिनीवर ठेवून चालू कराले गेलो, मले मारली. आठ दिवस लंगडून राहिलो होतो."

बर्फ वितळायचे दिवस होते. ०६४० ला वायरलेस बोलला.

"अल्फा फॉर रिकव्हरी. तीन टनी गाडी दरीकडे कलली आहे. दोन जवान आत. रस्ता बंद. ओव्हर."

"रिकव्हरी. रॉजर. निघालो. आउट."

०७२५ ला पोचलो. मागची चाकं रस्त्यावर, पुढची हवेत. अन्वरनं मागच्या ॲक्सलला शॅकलची लोखंडी कडी लावली, रोप ताणला. ०७५० पर्यंत दोन्ही जवान सुखरूप बाहेर आले. आता फक्त गाडी उरली होती. तेवढ्या पकडीवर ती ओढली जाईना. आणखी एक रोप खालून, चेसिसला बांधावा लागणार होता. दहाला याच रस्त्यानं लष्करी गाड्यांचा कॉन्व्हॉय यायचा होता.

"अन्वर, खाली उतर. दुसरा रोप बांध."

"जमीन ओली आहे उस्ताद."

"दोन मिनिटाचं काम आहे."

"जी."

तो उतरला. कडा ढासळला. रोप तुटला. गाडी, माती आणि अन्वर एकदमच गेले. ०८१०. ती वेळ लॉगबुकात मीच लिहिली. कॉन्व्हॉय थांबवता आला असता. तसं मी वायरलेसवर विचारलंसुद्धा नाही.

चौकशीत दोष कोणाचाच निघाला नाही. अन्वरची पेटी घरी गेली. प्लेटा वर्कशॉपात राहिल्या होत्या, त्या मी ठेवून घेतल्या.

दोन वर्षांनी पेन्शनवर आलो. आणखी काही महिने नुसता घरी बसून काढले. मग एका सकाळी प्लेटा पिशवीत घालून एसटीनं अकोल्याला आणि तिथून बाळापूरला गेलो. अन्वरच्या वडिलांचं पंपाची इंजिनं दुरुस्त करायचं दुकान होतं. दारात जुनी इंजिनं ओळीनं पडलेली.

"एवढी दुरुस्तीले आली?" मी विचारलं.

"इकाले आली," अन्वरचे वडील, चाचा, म्हणाले. "विहिरीत पाणी नाई, इंजिन ठेवून करतीन काय लोक."

मी नाव सांगितलं. प्लेटा त्यांच्या हातात दिल्या. त्यांनी कडेवरून अंगठा फिरवला आणि मला मागे नेलं. अन्वरची मोटारसायकल पोत्याखाली होती. इंजिन त्यांनी पूर्ण खोलून, बेअरिंगं बदलून, तयार ठेवलं होतं. फ्रेमला प्लेटा लावून झाल्यावर कप्पीच्या साखळीला ते टांगलं आणि त्यांनी मला समोरून धरायला सांगितलं.

माझा हात पुढे जाईना.

"चाचा, अन्वरले खाली मी पाठवलं होतं. तो म्हणत होता, जमीन ओली आहे."

त्यांनी फडक्याला हात पुसले.

"मंग इतके दिवस कावून नाई आला?"

"हिंमत झाली नाही."

"धर," ते म्हणाले.

इंजिन फ्रेममध्ये उतरत असताना साखळी घसरली. सगळं वजन आमच्या चार हातांवर आलं. माझी बोटं फ्रेम आणि इंजिनाच्या मधोमध होती.

"सोडू नोको."

"नाही सोडत."

त्यांनी गुडघ्याचा टेकू दिला, एक हात काढून घेतला आणि प्लेटेतून पहिला बोल्ट सारला. मग दुसरा. मी हात बाहेर काढला तेव्हा दोन नखं काळी पडली होती. चाचांनी त्यावर पाणी ओतलं.

दुपारपर्यंत वायरी, केबली जोडल्या. किक त्यांनीच मारली. पाचव्या किकला इंजिन सुरू झालं. सगळं दुकान थरथरलं, बाजूचे दुकानदार येऊन उभे राहिले. मिनिटभरानं चाचांनी ते बंद केलं.

माणसं पांगली. त्यांनी माझ्याकडे स्टूल सरकवलं आणि स्वतः खाली पोत्यावर बसले.

"आता सांग. तिकडं तो दिवसभर काय करे? काय खाये? कोणासंग बसे? त्याच्या पेटीत कपडेच आले फक्त."

मी पाचला उठण्यापासून सुरुवात केली.