ज्याची गाठ त्यानेच सोडावी

भिलाईच्या कारखान्याचे खांब उभे राहत होते, तेव्हा रुक्मा आधी पायाच्या मातीकामावर होती. पुढे दवाखान्यात आया झाली. घमेल्याची एक खेप तिने कधी चुकवली नव्हती, इथेही तसेच. हातांना कोपरापर्यंत साबण, नखांना ब्रश, प्रत्येक खाटेआधी आणि खाटेनंतर. थंडीत हात उलत.

"नुसतं पानी फिरव ना वं, कोन पाहते?" दुसरी आया म्हणायची. रुक्मा घासत राही.

एकदा तिचा धाकटा भाऊ टिकाराम तिच्याच वॉर्डात आला. तो रिगर, जड लोखंड दोराने बांधून वर चढवणारा. गर्डर सरकून घोट्यावर आला होता. डॉक्टरांनी ऑपरेशन करून हाड बसवले आणि बजावले, पू आत उतरला तर पाय कापावा लागेल.

दुपारी ती पाणी घेऊन आली, तर टिकारामने पट्टी उकलून बोट आत घातलेले. त्याच हाताने नुकतीच बिडी ओढलेली.

"काय करून राहिला?"

"टाके पाहून राहिलो, बाई. हातानं चाचपल्याबिगर मले भरवसा नाही वाटत."

उंचावर याच सवयीने तो आजवर जगला होता, हे तिला ठाऊक होते. ती ओरडली नाही. सिस्टरला बोलावले, जखम धुऊन नवी पट्टी झाली, मग विचारले, "वरतं तुह्या गाठीले दुसऱ्यानं हात लावला तं?"

"थोबाड फोडीन. ज्यानं बांधली त्यानंच सोडावी."

"मंग ही गाठ कोनं बांधली?"

टिकारामने पट्टीकडे गेलेला हात मागे घेतला.

पण बोट फिरायचे ते फिरून गेले होते. ताप चढला, एका टोकाचे टाके चिघळले. सिस्टर रोज जखम धुई, रोज नवी पट्टी. घरी भाकरी थापतानाही रुक्माच्या नाकात पुवाचा वास असे.

एका संध्याकाळी त्याचा जोडीदार लहानू पाळी संपवून संत्री घेऊन आला. हात रॉकेलने पुसलेले, म्हणजे त्याच्या हिशेबी स्वच्छ. तो पट्टीकडे वाकला. "ढिली दिसते गड्या. आवळून देऊ?"

"हात मांगं घे. माही गाठ नाही ती. तुही बी नाही."

"लय साहेब झाला बे."

"पहिले साबनानं हात धू. मंग संत्र सोल."

शेजारची खाट पुसताना रुक्माने ऐकले.

पाय वाचला. घोटा आखडला तो आखडलाच. टिकाराम पुन्हा वर चढला नाही. खाली उभा राहून दुसऱ्यांच्या गाठी तपासू लागला.

"बोट घातलं नसतं तं चढलो असतो काय, बाई?" त्याने एकदा विचारले.

"मले नाही सांगता येत," ती म्हणाली. खोटा धीर द्यायचा तिला जमत नसे. दवाखान्यात कामावर जायची वेळ झाली होती. ती निघाली.