न प्यायलेला माणूस

"बाटली कुठे लपवलीस, ते आधी सांग," म्हणत एइविंदभाऊजींनी माझ्या नवऱ्याच्या थोबाडीत दुसरी ठेवून दिली. तोर्लाइव्ह चुलीवर आदळला. ओठ फाटला, बटाट्यांचं पातेलं उलटलं.

"मी पीत नाही, दादा."

"धक्क्यावर झोकांड्या खात होतास. अख्ख्या बेटानं बघितलं. प्रार्थनाघराची किल्ली ठेव इथे."

बावीस वर्षं ती किल्ली तोर्लाइव्हकडे होती. शेगडी पेटवायची, बाकं पुसायची. जाळी विणण्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. पंचेचाळिशीत तो पाय फाकून चालू लागला, जीभ जड झाली. आमच्या बेटावर दारूचा थेंब विकत मिळत नाही, त्यामुळे झोक जाणारा माणूस चोरून आणतो, एवढंच लोकांना सुचतं. गेल्या महिन्यात धक्क्यावर लाथा घालून त्याची बरगडी मोडली. मारणारे सगळे रविवारी आमच्याच मागच्या बाकावर बसणारे.

मी बर्गन शहरातल्या डॉक्टरांचं पत्र भाऊजींपुढे टाकलं. "वाचा. तोल सांभाळणाऱ्या लहान मेंदूतल्या पेशींच्या पोटात कॅल्शियमची कोठारं असतात. दार उघडून चिमूटभर सोडायचं, काम झालं की परत आत ओढायचं. तेव्हा पाऊल सरळ पडतं. ह्याच्या कोठारांना दारं निम्मीच आहेत. जन्मापासून. वडिलांकडून आलंय."

"कोठारं म्हणे. गुडलाउग, तू वकीलच व्हायला हवी होतीस."

कोपऱ्यात सुका मासा ठेचणाऱ्या सासूबाईंचा लाकडी हातोडा थांबला. "वडिलांकडून?"

"हो, आई."

त्याच हातोड्यानं त्यांनी सासऱ्यांना सतरा वर्षं बडवलं होतं. एकदा मनगट मोडलं, एकदा कान गेला. शेवटी एका हिवाळ्यात बाहेर काढून कडी लावली. ते तोल जाऊन धक्क्यावरून पाण्यात पडले आणि बुडाले.

"त्यांच्या तोंडाला कधी दारूचा वास आला नाही," सासूबाई म्हणाल्या. "मला वाटायचं, लवंग चघळतात."

"आई, कागदावर काय विश्वास ठेवतेस," म्हणत भाऊजींनी तोर्लाइव्हची कॉलर पकडली.

सासूबाईंनी हातोडा टेबलावरच्या बशीवर आदळला. बशीचे तुकडे भाऊजींच्या हाताला लागले, रक्त आलं.

"सोड त्याला. किल्ली त्याच्याकडेच राहील. रविवारी प्रार्थनाघरात साक्षीच्या वेळी मी सगळ्यांसमोर उभी राहून सांगणार, मी माझ्या नवऱ्याला मारलं आणि तो प्यायलेला नव्हता. एइविंद, तू माझ्या शेजारी उभं राहायचंस."